म्हाताऱ्या माणसांसाठी काम करायचंय, तर शिकायचं काय आणि कुठे?

प्रश्न कोरेगाव तालुक्यातल्या एका मुलीचा आहे. साताऱ्यात टी.वाय.बी.ए. करते, विषय समाजशास्त्र. आजीला अर्धांगवायूचा झटका आला त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून आजीचं सगळं तीच बघते. ती लिहिते: "मॅडम, मला म्हाताऱ्या माणसांसाठीच काम करायचंय. याची पदवी कुठे मिळते? नोकरी लागते का? बाबा म्हणतात, एमपीएससी कर. चुलतभाऊ कराडला फिजिओथेरपी शिकतोय, त्याला यात काही आहे का? आणि आजी विचारते, म्हाताऱ्यांचं करायला कॉलेज कशाला लागतंय?"

आजींचा प्रश्न शेवटी लिहिलास, पण मी तिथूनच सुरुवात करते. मी मूळची समाजकार्याची. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत बावीस वर्षं याच कामात आहे, आणि हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळतो. त्याचं उत्तर एका प्रसंगातून देते.

पाटण तालुक्यातली एक वाडी. एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीची, एक विद्यार्थिनी फील्डवर्कला माझ्याबरोबर होती. घरात नवरा-बायको दोघंच, दोघंही ऐंशीच्या आगेमागे. तिच्या हातात स्मरणशक्ती तपासायचा फॉर्म होता, एमएमएसई म्हणतात तो. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाला, तीस गुणांचा, आजही जगभर वापरतात. तिने आजींना विचारलं, "आज तारीख काय?" आजी म्हणाल्या, "तारीख काय ठावं न्हाय बाय." गुण शून्य. "महिना कोणता?" "आखाड." फॉर्मवर 'जुलै' हवं होतं, म्हणून पुन्हा शून्य. "शंभरातून सात वजा करा, परत सात, परत सात." आजी नुसत्या बघत राहिल्या. "हे दोन पंचकोन तसेच्या तसे काढा." आजींनी जन्मात पेन्सिल धरली नव्हती. त्यांनी ती दोन बोटांत धरली, कागदावर एक रेघ ओढली आणि परत दिली. बेरीज झाली चौदा. पुस्तकाप्रमाणे हा आकडा स्मृतिभ्रंशाकडे बोट दाखवतो, आणि पोरगी तेच लिहायला निघाली होती.

मी फॉर्म बाजूला ठेवायला सांगितला आणि आजींना विचारलं, "एकादशी कधी झाली?" "काल. आज बारस." बरोबर होतं. डेअरीला सकाळी किती दूध घातलं, पगार कोणत्या वारी होतो, शेजारणीने नेलेले पैसे किती आले आणि किती राहिले, सगळं तोंडपाठ. मेथीच्या पाच जुड्यांचे पैसे त्यांनी माझ्याआधी सांगितले. त्या बाईच्या डोक्याला काहीही झालेलं नव्हतं.

आजोबा मात्र ओट्यावर बसून छान बोलत होते. "या, बसा, च्या घ्या. आमचं सगळं बेस हाय." त्यांची तपासणी करायची त्या मुलीला गरजच वाटली नव्हती. पण अर्ध्या तासात त्यांनी मला "गाव कंचं तुमचं?" हे तीनदा विचारलं. मी त्यांना काहीही विचारलं की ते आधी आजींच्या तोंडाकडे बघत, आणि उत्तर आजी देत. आजार त्यांना होता. बोलण्याच्या जुन्या सवयीखाली तो झाकला गेला होता आणि बायको रोज त्याला हात देत होती, त्यामुळे घरात कुणालाच तो दिसला नव्हता, मुंबईहून येणाऱ्या मुलालाही नाही.

म्हणून आजींना सांग: भरवायचं कसं, कूस कशी बदलायची, न रागावता दहादा तेच कसं सांगायचं, यासाठी कॉलेज लागत नाही. ते तुमच्या घरात तू शिकलीच आहेस. पण वरच्या घरातल्या दोघांपैकी आजारी कोण, हे ओळखायला शिकावं लागतं. न शिकलेल्या माणसांवर हा फॉर्म अन्याय करतो हे संशोधकांना फार आधी उमगलं, आणि हरियाणातल्या बल्लभगडमधल्या गावांसाठी नव्वदच्या दशकात त्याचं वेगळं हिंदी रूप तयार झालं. कोणती चाचणी कुणासाठी, तिचा आकडा कधी खरा मानायचा आणि कधी नाही, हे ज्याला कळतं त्याला माणसाची म्हातारपणातली खरी गरज दिसते.

आता तुझा पहिला प्रश्न, पदवीचा.

या विषयाला मराठीत वार्धक्यशास्त्र म्हणतात, इंग्रजी शब्द जेरॉन्टॉलॉजी. तो शब्द मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने १९०३ मध्ये वापरात आणला. म्हातारपणातल्या आजारांची वैद्यकशाखा ती जेरिॲट्रिक्स, हे नाव १९०९ मध्ये नॅशर या डॉक्टरांनी दिलं. (आपल्या आयुर्वेदाच्या आठ अंगांत 'जरा' हे स्वतंत्र अंग आहे, म्हणजे विषय आपल्याला नवा नाही.) दोन्हींत गल्लत करू नकोस. दुसऱ्याला एमबीबीएस लागतं. पहिल्यात म्हातारपणाचं सगळंच येतं: शरीर, मन, पैसा, घर, कायदा, नाती, लोकसंख्या. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७५ पासून या विषयाचं अख्खं स्वतंत्र महाविद्यालय आहे, तिथे पदवीपासून पीएच.डी.पर्यंत यातच शिकता येतं. आपल्याकडे तसं नाही. बारावीनंतर सरळ या विषयाची पदवी घ्यावी आणि त्यावर नोकरी लागावी, असा रस्ता आपल्या भागात नाही. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेच्या विषयांच्या यादीत समाजकार्य आहे, लोकसंख्या अभ्यास आहे, वार्धक्यशास्त्र नाही. म्हणजे प्राध्यापक व्हायचं तरी दुसऱ्या कुठल्या तरी विषयाच्या दारातूनच आत यावं लागतं.

माझं ठाम मत आहे की आधी एक पाया पक्का करावा आणि त्यावर वार्धक्याचं शिक्षण चढवावं. उलटं करू नये. मी ते उलटं केलं होतं. बी.ए. झाल्यावर एका संस्थेचं वृद्धसेवेचं तीन महिन्यांचं प्रमाणपत्र घेतलं. शिकवलेलं काही वाईट नव्हतं, पण ते घेऊन जिथे जिथे गेले तिथे विचारलं गेलं, "ते ठीक आहे, पण तुमची पदवी कशातली?" चार वर्षं मदतनीस म्हणूनच राहिले. अहवाल मी लिहायचे आणि सही दुसऱ्याची असायची. शेवटी एकोणतिसाव्या वर्षी एमएसडब्ल्यूला प्रवेश घेतला. ती चार वर्षं तुझी जाऊ नयेत म्हणून एवढं लांबण लावून लिहितेय.

तुझ्या बी.ए.वरून सगळ्यात सरळ दार एमएसडब्ल्यूचं, दोन वर्षांचं. साताऱ्यात जकातवाडीला यशवंतराव चव्हाण समाजकार्य महाविद्यालय आहे, कोल्हापुरात सायबर ही संस्था आहे, सोलापुरात वालचंद कला-शास्त्र महाविद्यालय आहे. टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे टिस, मुंबईत देवनारला आहे आणि तिचं तुळजापूरलाही केंद्र आहे. प्रवेश परीक्षा आणि जागा दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाच. कुणाच्या सांगण्यावर विसंबू नकोस, माझ्याही.

कॉलेजच्या नावापेक्षा मी फील्डवर्कला जास्त वजन देते. आठवड्याचे दोन दिवस तू कुठे जाणार, यावर तू काय होणार ते ठरतं. बहुतेक मुलामुलींना शाळा, बालगृह किंवा बचतगट मिळतो. तू प्रवेश घेतानाच सांग की मला जिल्हा रुग्णालय हवं, किंवा प्रांत ऑफिस. स्पेशलायझेशन निवडायची वेळ आली तर वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्य घे. प्रबंधाला तुझ्याच तालुक्यातली म्हातारी माणसं घे.

एमएसडब्ल्यूनंतर, किंवा नोकरी करता करता, वार्धक्यावरची पदविका. टिसने वार्धक्यशास्त्राची पदव्युत्तर पदविका चालवली आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची दिल्लीची राष्ट्रीय समाजरक्षा संस्था वृद्धसेवेची प्रशिक्षणं आणि एक वर्षाची पदविका घेते. इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या जेरिॲट्रिक मेडिसिन पदविकेची जाहिरात वाचून दरवर्षी कुणी ना कुणी मला फोन करतं. ती फक्त एमबीबीएस झालेल्यांसाठी आहे, तुझ्यासाठी नाही.

तुला आकड्यांची आवड असेल तर आणखी एक दार आहे आणि आपल्याकडची मुलं त्याकडे बघतच नाहीत. देवनारलाच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, १९५६ पासूनची. तिथे लोकसंख्या अभ्यासात एम.ए. करता येतं. याच संस्थेने २०१७-१८ मध्ये लासी हे मोठं सर्वेक्षण केलं. देशभरातल्या पंचेचाळीस वर्षांपुढच्या ७२ हजारांहून जास्त माणसांना भेटून त्यांचं आरोग्य, उत्पन्न, घरातलं स्थान हे सगळं विचारलं. नुसतं विचारलं नाही, तर मुठीची पकड मोजली, रक्तदाब घेतला, चालायला लावलं. ही माहिती संशोधकांना अर्ज करून वापरायला मिळते. साताऱ्यात बसून, एका लॅपटॉपवर, तू त्यावर प्रबंध लिहू शकतेस. देशात साठीपुढची माणसं २०११ च्या जनगणनेत ८.६ टक्के होती, महाराष्ट्रात ९.९ टक्के. लासीच्या अहवालाप्रमाणे २०५० पर्यंत देशात ती सुमारे ३२ कोटी होतील. ती मोजणारी, समजून घेणारी माणसं लागणारच.

पण या आकड्यांच्या आत शिरून बघायचं तर आपल्यासारखा दुसरा भाग नाही. हे मी अभिमानाने नाही, काळजीने सांगते. दोन जिल्ह्यांत म्हातारपणाची किती वेगवेगळी रूपं आहेत बघ.

पाटण आणि जावळीत मुलगा मुंबईला किंवा नवी मुंबईला माथाडीत. सून-नातवंडं तिकडेच. गणपतीला, यात्रेला घर भरतं, एरवी दोन म्हातारी आणि एक म्हैस. पैसे येतात, पण थोडे, आणि दवाखाना दोन डोंगर पलीकडे.

खानापूर-आटपाडीकडे गेलीस तर चित्र फिरतं. तिथली माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायच्या, देशभर पसरली आहेत. विट्याच्या आसपासच्या गावांत दुमजली बंगला, संगमरवरी फरशी, दारात गाडी, आणि आत सत्तरीपुढचे आईवडील दोघंच. पैशाला तोटा नाही. पण त्या गुळगुळीत फरशीवर आई पडली तर उचलायला घरात दुसरं माणूस नाही. अशा एका घरात मी गेले, तर आजींनी वरच्या मजल्याची किल्ली कमरेला लावलेली. वर्षभरात त्या वर गेल्याच नव्हत्या, गुडघ्यांमुळे. मुलाने त्यांच्यासाठी बांधलेली खोली मात्र वरच होती.

आणि जतला उलट. पोरगा-सून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांवर नातवंडांची शाळा, जेवण, आजारपण. इथे म्हातारं माणूस सांभाळलं जात नाही, तेच सांभाळतं. त्याच्या रक्तदाबाची गोळी चुकते, कारण पोरं शाळेला घालवायच्या गडबडीत ते विसरतं.

पुस्तकात 'एकटे राहणारे वृद्ध' असा एकच रकाना असतो. पाटणच्या आजी, विट्याच्या आजी आणि जतच्या आजी त्यात एकत्र टाकल्या, तर तिघींसाठीही चुकीची योजना होईल. हा फरक तुला न शिकवता दिसेल, कारण तू इथली आहेस. बाहेरून आलेल्या हुशार संशोधकाला तो समजायला दोन वर्षं लागतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला पुराचा वेढा पडला तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसं कोणत्या घरात आहेत याची यादी आम्हाला कुठेच मिळाली नाही. शेवटी एकेका आशाताईने आठवून, बोटांवर मोजून नावं सांगितली आणि त्यावर माणसं बाहेर आली. अशी यादी गावोगाव तयार ठेवणं, दर सहा महिन्यांनी ताजी करणं, हेसुद्धा याच क्षेत्रातलं काम आहे.

आता नोकरी. खरं ते सांगते. 'वार्धक्यतज्ज्ञ हवे आहेत' अशी जाहिरात तुला आपल्या भागात दिसणार नाही. काम आहे, पण वेगळ्या नावांखाली.

सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद असतं, त्याला एमएसडब्ल्यू लागतं. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्धांचा कक्ष, ग्रामीण रुग्णालयात पुनर्वसन कार्यकर्ता, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याची ओपीडी अशी रचना आहे. यातल्या जागा बहुतेक कंत्राटी असतात आणि वेळेवर भरल्या जात नाहीत, हे लक्षात ठेव. सेवाभावी संस्थांचे प्रकल्प आहेत. हेल्पेज इंडिया १९७८ पासून या कामात आहे. मी पाहते त्यात आपल्या जिल्ह्यात नव्या एमएसडब्ल्यूला संस्थेत पंधरा-वीस हजारांच्या आसपास सुरुवात होते. पुण्यात ज्येष्ठांच्या निवासी संकुलांत आणि घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्यांत त्याहून बरं मिळतं, पण खोलीचं भाडं जातं.

वृद्धाश्रमात नोकरी मिळाली तर हो म्हणण्याआधी एकदा रात्री जाऊन बघ. कामाच्या दुसऱ्या वर्षी मी ज्या वृद्धाश्रमात होते तिथे दिवसा सगळं नीटनेटकं होतं, पाहुण्यांना दाखवण्यासारखं. रात्री चाळीस माणसांमागे एकच बाई. एक आजोबा बाथरूमला जाताना पडले आणि पहाटेपर्यंत तिथेच होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यानंतर ते उठलेच नाहीत. तेव्हापासून कुठल्याही आश्रमात गेले की मी पहिला प्रश्न हाच विचारते: रात्री किती माणसं असतात?

दोन कामं अशी आहेत की त्यांत तुझ्या पिढीला फार मोठी जागा आहे, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

एक, कायद्याचं. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ चा. त्यात प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो, मुलांकडून महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह मिळू शकतो, आणि निकाल साधारण नव्वद दिवसांत लागावा अशी तरतूद आहे. निकालावर अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे. यात खरी गरज असते ती अर्ज नीट लिहिणाऱ्या आणि दोन्ही बाजूंचं ऐकणाऱ्या माणसाची. कायद्यात समेट अधिकाऱ्याची तरतूद आहे. प्रांताधिकारी प्रकरण त्याच्याकडे देऊ शकतात आणि ते काम संस्थेचा प्रतिनिधीही करू शकतो. हे समाजकार्यातच शिकवतात.

एक आजोबा प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळी कागदपत्रं घेऊन प्रांत ऑफिसच्या जिन्यात बसलेले मला आठवतात. जमीन धाकट्याच्या नावे केलेली. बक्षीसपत्र मी उलटून पालटून वाचलं. त्यात 'माझा सांभाळ करण्याच्या अटीवर' असे शब्द कुठेच नव्हते. कलम २३ प्रमाणे ती अट असेल आणि मुलाने पाळली नाही, तर व्यवहार रद्द करून घेता येतो. अट नसली की सगळं फार अवघड होऊन बसतं. लिहून देण्याआधी गावात कुणीतरी त्यांना ही एक ओळ सांगायला हवी होती. ती ओळ सांगणारं माणूस तू हो. ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठका आपल्याकडे गावोगाव होतात. तिथे अर्धा तास मागून घ्यायचा आणि हे सांगायचं. मी सांगते तेव्हा पहिल्यांदा सगळे गप्प बसतात, आणि चहाच्या वेळी एकेक जण बाजूला घेऊन स्वतःचा कागद दाखवतो. श्रावणबाळ योजना, पंच्याहत्तरीनंतरचा मोफत एसटी प्रवास, सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड, १४५६७ ही मदतवाहिनी, हेही तिथेच सांगावं. पण बक्षीसपत्राचं आधी.

दुसरं काम घरपोच सेवेचं. सातारा, कराड, मिरज, सांगली, सगळीकडे लोक 'बाई ठेवतात', 'मुलगा ठेवतात'. बारा तासांची, चोवीस तासांची. ब्युरोवाला माणूस पाठवतो आणि हात झटकतो. त्या मावशीला कुणी काही शिकवलेलं नसतं. अंगावर जखम का होते, घास श्वासनलिकेत कसा जातो, झटका आलेल्या बाजूचा हात ओढून का उठवायचं नाही, हे तिला माहीत नसतं. तिचीही सुट्टी, झोप, पगार कुणी बघत नाही. कौशल्य विकासाच्या योजनांत जेरिॲट्रिक केअर असिस्टंटचा अभ्यासक्रम आहे, दहावी-बारावी झालेल्या बायकांना तो जमतो. त्या बायकांना शिकवणारी, घरी जाऊन त्यांचं काम तपासणारी, घरच्यांशी बोलणारी पर्यवेक्षक आपल्याकडे जवळजवळ नाहीच. ते काम तू उभं करू शकतेस. स्वतःची छोटी संस्थासुद्धा काढू शकतेस, पण पाच वर्षं दुसऱ्याकडे काम केल्यावर.

परदेशाचं थोडक्यात. जपानने २०१९ मध्ये बाहेरच्या देशांतल्या कुशल कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू केला, त्यात वृद्धसेवाही आहे, आणि २०२१ मध्ये भारताशी त्याचा करार झाला. जर्मनीतही मागणी आहे. दोन्हीकडे आधी भाषा, आणि ती वर्ष-दोन वर्षं नेटाने शिकावी लागते. हे काम अंगमेहनतीचं आहे, विद्यापीठातल्या शिक्षणाचं नाही. जायचं तर ते समजून जावं, आणि एजंटला पैसे देण्याआधी कागद कुणा जाणत्याला दाखवावेत.

चुलतभावाला सांग, त्याच्यासाठी तर दार सताड उघडं आहे. डॉक्टरांत एम.डी. जेरिॲट्रिक्सच्या जागा देशात मोजक्या आहेत. पहिला अभ्यासक्रम मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ मध्ये सुरू झाला, एम्समध्ये तर त्याच्याही बऱ्याच नंतर. त्यामुळे पडलेल्या, झटका आलेल्या, हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला पुन्हा उभं करायचं काम खेड्यात फिजिओथेरपिस्टच करणार. पण कॉलेजात शिकवलेलं सगळं जसंच्या तसं लावू नकोस म्हणावं. त्याला एक चाचणी शिकवली असेल: खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका. चाचणी चांगली आहे. पण आपल्या आजी खुर्चीत बसतात कुठे? त्या जमिनीवर बसतात आणि खांबाला धरून उठतात. पडतात त्या न्हाणीत, शेवाळलेल्या दगडावर, नाहीतर रात्री उंबऱ्याला अडखळून. त्याने घरात शिरल्यावर आधी खांब, न्हाणी आणि उंबरा बघावा. जमिनीवरून उठायचा सराव द्यावा. एम.पी.टी., म्हणजे फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी, करताना सामुदायिक आरोग्य घेतलं तर हे काम त्याला वाड्या-वस्त्यांवर करता येईल.

बाबांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. शेतकऱ्याच्या घरात पक्क्या पगाराची काळजी असणारच, ती हसण्यावारी नेऊ नकोस. पण एमपीएससी आणि तुझी आवड यांत भांडण नाही हे त्यांना समजावून सांग. समाजकल्याण विभागातल्या अधिकाऱ्यांची पदं एमपीएससीतूनच भरतात, आणि ज्येष्ठांच्या योजना, वृद्धाश्रमांचं अनुदान, २००७ च्या कायद्यातला निर्वाह अधिकारी, हे सगळं त्याच विभागाशी जोडलेलं आहे. एमएसडब्ल्यू करता करता परीक्षा दे. पास झालीस तर त्या खुर्चीत म्हाताऱ्यांचं दुखणं माहीत असलेलं माणूस बसेल. नाही झालीस तरी हातात पदवी आणि काम असेल. दोन वर्षं नुसती अभ्यासिकेत काढू नकोस, एवढंच माझं म्हणणं.

मार्चपर्यंत तुला वेळ आहे. त्या वेळात एक काम कर. एक वही घे आणि आजींची तीन वर्षं लिहून काढ. १९६३ मध्ये काट्झ नावाच्या डॉक्टरांनी रोजच्या सहा गोष्टींवरून म्हाताऱ्या माणसाची स्थिती मोजायची पद्धत मांडली: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून उठणं, लघवी-संडासवरचा ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. त्यांना असं दिसलं की माणसाचं परावलंबन बहुतेक अंघोळीपासून सुरू होतं आणि हाताने जेवणं सगळ्यात शेवटी जातं. सुधारणा होताना क्रम उलटा, जेवणं आधी परत येतं. झटक्यानंतर आजींनी पहिला घास स्वतःच्या हाताने कधी खाल्ला? लुगडं स्वतःचं स्वतः कधी नेसल्या? अंघोळीला अजून तू लागतेस का? सहाही गोष्टींसमोर कधी गेलं आणि कधी परत आलं ते लिही. तारखा आठवणार नाहीत. नाही आठवल्या तर बेंदराच्या आधी, दसऱ्यानंतर, गावच्या यात्रेला, असं लिही. आजींनाच विचार, त्यांना तुझ्यापेक्षा जास्त आठवेल.

ती वही एमएसडब्ल्यूच्या मुलाखतीला बरोबर घेऊन जा.